टरेट लावायचा का, आणि लावलाच तर कुठे कुठे लक्ष द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोबोटिक्स स्पर्धेत उतरणाऱ्या एका टीमकडे स्वर्व्ह ड्राइव्ह आहे (प्रत्येक चाक वेगळं वळतं, त्यामुळे रोबो कुठल्याही दिशेला जातो आणि जागेवर फिरतो), उंच गोलमध्ये बॉल मारायचेत, शूटर (बॉल फेकणारी यंत्रणा) तयार होत आलाय, आणि अर्धी टीम म्हणतेय की वर फिरता टरेट, म्हणजे शूटरला स्वतंत्रपणे फिरवणारी चकती, पाहिजेच, उरलेली अर्धी म्हणतेय की स्वर्व्ह असताना टरेट कशाला, चेसिसच, म्हणजे चाकांवरचा अख्खा रोबोच, फिरवा की. शिवाय किती अंश फिरवायचा, वायरींचं काय करायचं आणि कॅमेरा कुठे बसवायचा हेही विचारलंय. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नेम धरायला टरेट लागत नाही, तो चेसिस फिरवूनही धरता येतो आणि चांगला स्वर्व्ह असेल तर बऱ्यापैकी पटकन धरता येतो. टरेटमुळे मिळतं ते एवढंच की नेम धरलेला असताना चेसिस दुसऱ्या कामाला मोकळी राहते, म्हणजे इंटेक (बॉल आत ओढणारा भाग) बॉलकडे, शूटर गोलकडे, आणि ड्रायव्हर तिसऱ्याच दिशेला पळतोय. तुमच्या गेममध्ये ही वेळ वारंवार येत असेल तर टरेट घ्या. येत नसेल तर तो नुसता वजन वाढवणारा, वेळ खाणारा आणि सेमीफायनलला बंद पडणारा भाग आहे.

जुने गेम बघितले की हे स्पष्ट होतं. एफआरसी (शाळकरी टीम्सची मोठ्या रोबोंची स्पर्धा, दरवर्षी नवा गेम) च्या २००९ च्या ल्युनसीमध्ये फरशी मुद्दाम गुळगुळीत होती, चाकंही घसरणारी दिलेली, आणि गोल म्हणजे समोरच्या टीमच्या रोबोमागे लावलेला ट्रेलर, तोही चालता. चेसिस वळवून नेम धरणं तिथे जवळजवळ अशक्य, म्हणून टरेटला अर्थ होता. २०२२ च्या रॅपिड रिअ‍ॅक्टमध्ये हब, म्हणजे गोल, मैदानाच्या मधोमध होता, त्याच्याभोवती कुठूनही मारता यायचं आणि बॉल सगळीकडे विखुरलेले, त्यामुळे बॉल उचलत उचलत पळता पळता मारणाऱ्याला मोठा फायदा, आणि टीम २५४ आणि टीम १६९० चे त्या वर्षीचे टरेटवाले रोबो बघितले की तो फायदा दिसतो. त्यांचे मॅच व्हिडिओ शोधून बघा, पण बॉल कुठे जातोय ते बघू नका, शूट करताना चेसिस काय करतेय ते बघा.

याउलट २०२४ चा क्रेसेंडो घ्या. गेम पीस म्हणजे १४ इंची फोमची रिंग. ती टरेटच्या मधल्या भोकातून वर न्यायची म्हणजे टरेट केवढा मोठा करावा लागेल विचार करा, आणि मैदानातल्या स्टेज नावाच्या मांडणीच्या चेनखालून जायचं तर रोबो बुटका हवा. बहुतेक तगड्या टीम्सनी त्या वर्षी टरेट टाळला, स्वर्व्हने दिशा धरली आणि शूटरला फक्त वरखाली होणारा पिव्हट दिला. शहाणपणाचा निर्णय होता तो. आणि २०२० चा इन्फिनाइट रिचार्ज मधला प्रकार, तिथे इनर पोर्ट (आतला छोटा गोल) बाहेरच्या षटकोनी गोलच्या २९ इंच मागे होता, म्हणजे फार बाजूने मारलं तर टरेट कितीही अचूक असू दे, बॉल आतल्या भोकात जाण्याचा रस्ताच नाही. तिथे टरेट घेतला तरी गोलसमोर यावंच लागायचं.

टरेट म्हणजे शूटरच असं पण नाही हां. २५४ चा २०१९ चा रोबो शूटर नव्हता, त्याचा हात टरेटवर होता, आणि एफटीसी (छोट्या रोबोंची स्पर्धा) च्या पॉवरप्ले या गेममध्ये शंकूच्या आकाराचे कोन खांबांवर ठेवायला वर सरकणाऱ्या स्लाइडखाली टरेट भरपूर जणांनी लावले. पण प्रश्न शूटरचा आहे म्हणून पुढे तेवढंच बोलतो.

आता किती अचूक हवा, ते कॅड (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी कागदावर काढा. गोलची अर्धी रुंदी घ्या, त्यातून बॉलची त्रिज्या वजा करा, उरलेल्याला अंतराने भागा, तो तुमचा दोन्ही बाजूचा मोकळा कोन. २०२२ चा वरचा हब ४ फुटी, म्हणजे १२२ सेंटिमीटर, बॉल २४ सेंटिमीटरचा, तर ४ मीटरवरून साधारण ७ अंश इकडेतिकडे चालतं. सात अंश म्हणजे खूप झाले, कसाही टरेट चालेल. तेच २०२० च्या इनर पोर्टला लावा, भोक ३३ सेंटिमीटर, बॉल १८ च्या आसपास, तेवढ्याच अंतरावरून जेमतेम १ अंश उरतो. आणि या एका अंशात बॉलचा स्पिन, बॉल जुना की नवा, कॅमेऱ्याची चूक आणि गिअरमधली ढिलाई असं सगळं बसवायचंय. दोन्ही गेममध्ये टरेट म्हणतात त्यालाच पण काम पूर्ण वेगळं.

ढिलाईचं गणितही असंच सोपं आहे. टरेटला फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी रिंग गिअरची त्रिज्या १३ सेंटिमीटर धरली आणि दात्यांमध्ये अर्धा मिलिमीटर बॅकलॅश (ढिलाई) असेल तर ०.२ अंशाच्या थोडं वर, सोडून द्या. पण चेन लावली आणि ती २ मिलिमीटर सैल राहिली तर ०.९ अंश, म्हणजे इनर पोर्टवाला सगळा हिशोब तिथेच संपला. यातून दोन गोष्टी निघतात, एक म्हणजे रिंग जेवढी मोठी तेवढं बरं, आणि दुसरं म्हणजे बॅकलॅश शेवटच्या स्टेजचाच मोजायचा, मोटरजवळच्या गिअरबॉक्समधला बॅकलॅश पुढच्या रेशोने भागला जातो त्यामुळे त्यावर डोकं घालवू नका. एन्कोडर (कोन मोजणारा सेन्सर) पण जमेल तेवढा रिंगच्या जवळ, मोटरमधल्या एन्कोडरला रिंगजवळची ढिलाई दिसतच नाही.

ड्राइव्हला मी टायमिंग बेल्ट किंवा सरळ पिनियन (मोटरकडचा छोटा गिअर) आणि रिंग गिअर यातलं एक निवडतो. बेल्ट गोल प्लेटभोवती गुंडाळून टोकं क्लॅम्प केली की स्वस्तात काम होतं, फक्त फिरण्याला मर्यादा येते, आणि ती मर्यादा वायरींमुळे तशीही येणारच आहे. पिनियन लावलात तर त्याचा माउंट स्लॉटमध्ये ठेवा म्हणजे मेश (दात्यांची एकमेकांतली बैठक) अ‍ॅडजस्ट करता येतो, कारण प्रिंट केलेली रिंग कधीच पूर्ण गोल नसते, एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल लागते. बेअरिंगसाठी जेवणाच्या टेबलावर फिरती थाळी असते ना, त्या लेझी सुझनचं पत्र्याचं बेअरिंग बरेच जण वापरतात. चालतं, पण ते वरून दाबाला बनवलेलं असतं आणि टरेटला तिरकं होण्यापासूनही थांबवायचं असतं. फ्लायव्हील (बॉल फेकणारं शूटरचं चाक) जोरात फिरत असताना टरेट झटकन वळवला की जायरोस्कोपिक टॉर्क येतो आणि तो टरेटला एका बाजूने उचलायला बघतो, त्यात दुसऱ्या रोबोने धडक दिली की विचारूच नका. म्हणून एकतर एक्स-कॉन्टॅक्ट प्रकारचं पातळ बेअरिंग घ्या, नाहीतर व्ही-ग्रूव्हचे रोलर प्लेटच्या कडेला लावा, आणि ते नुसते खालून नकोत, वरूनही धरणारे हवेत.

मोटरच्या ताकदीची लोकांना उगाच काळजी असते. टरेटला टॉर्क क्वचितच कमी पडतो, वेग कमी पडतो. ६००० आरपीएमची मोटर ६० ला १ रेशोने लावली तर बिनलोड १०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला ६०० अंश. ऐकायला खूप वाटतं, पण चेसिस स्वतः सेकंदाला ३०० अंशाने फिरतेय आणि टरेटला गोलवर टिकून राहायचंय तर अर्धा वेग नुसता ती फिरकी रद्द करण्यात गेला. त्यामुळे चेसिस जास्तीत जास्त किती वेगाने फिरते ते आधी मोजा आणि टरेटचा वेग त्याच्या दुपटीच्या आसपास ठेवा. करंट लिमिट मात्र कमी ठेवा, नाहीतर हार्ड स्टॉपवर (टरेटला टोकाला अडवणाऱ्या पक्क्या ठोकळ्यावर) आदळला की प्रिंट केलेल्या रिंगचे दाते आधी जातात.

आता ज्याने खरोखर टरेट मरतात ते, म्हणजे बॉलचा रस्ता. चुका शोधताना सगळे पीआयडीकडे (चूक बघून मोटर दुरुस्त करणाऱ्या कोडकडे) बघत बसतात आणि दोष फीडरमध्ये (बॉल वर शूटरकडे नेणाऱ्या भागात) असतो. टरेट समोर असताना बॉल सरळ वर जातो आणि सरळ बाहेर पडतो, पण टरेट ९० अंशात वळला की खालच्या फीडरने बॉलला एका दिशेने दिलेला वेग आणि वरच्या शूटरची दिशा यांचा मेळ बसत नाही, बॉल हूडमध्ये (शूटरवरच्या वळणदार झाकणात) एका बाजूला घासतो, थोडा आडवा स्पिन घेतो आणि ठराविक कोनातच डावीकडे जायला लागतो. मग टीम त्या कोनासाठी कोडमध्ये ऑफसेट टाकते. तसं करू नका. फीडरने बॉल टरेटच्या अक्षावर बरोब्बर मधोमध आणि शक्यतो सरळ उभा वर सोडला पाहिजे, आणि त्याला शूटरच्या चाकात ढकलणारा किकर हा टरेटवरच, टरेटसोबत फिरणारा हवा. म्हणजे शूटरला प्रत्येक कोनात बॉल एकसारखा मिळतो. मधलं भोक बॉलपेक्षा नुसतं जेमतेम मोठं ठेवू नका, फोमचा बॉल दाबला जातो आणि फाटलेला बॉल तर हमखास अडकतो. आणि एक, बॉल अर्धा फीडरमध्ये अर्धा टरेटमध्ये असताना टरेट फिरला तर बॉल पिळला जातो. सेन्सर लावून हा क्षण ओळखा आणि तेवढ्यापुरता टरेटचा वेग कमी करा.

चाचणी अगदी साधी आहे. चेसिस जमिनीवर पक्की करा, टरेट शून्यावर ठेवून बॉल मारा, मग टरेट ९० अंशात आणि चेसिस उलटी ९० मध्ये फिरवून त्याच गोलमध्ये तेवढेच बॉल मारा. दोन्ही गठ्ठे एकाच जागी पडले तर तुमचा टरेट झाला. नाही पडले तर सॉफ्टवेअरवाल्यांना त्रास देऊ नका, मेकॅनिकलवाल्यांना बोलवा.

वायरींबद्दल. पूर्ण ३६० अंश अखंड फिरणारा टरेट स्लिप रिंगने (फिरत असतानाही वीज आणि सिग्नल जोडून ठेवणाऱ्या भागाने) होतो, रोबोमास्टर स्पर्धेत तेच चालतं, तिथे रोबो एकमेकांवर गोळ्या मारतात आणि वरचा गिम्बल, म्हणजे टरेट, नेम धरून असतो आणि खाली चेसिस स्वतःभोवती गरगर फिरत राहते कारण आर्मर प्लेटवर नेम बसू द्यायचा नसतो. तिथे ते गरजेचं आहे. पण तिथे मारायचा गोळा बहुतेक वेळा १७ मिलिमीटरचा असतो, सात इंची बॉल नसतो. आपल्याकडे टरेटच्या मधोमध बॉलचं भोक आणि तिथेच स्लिप रिंग बसवायची तर ती मोठ्या भोकाची लागते, तिच्यातून शूटरच्या मोटरचा करंट न्यायचा आणि वर कॅन बसचा (मोटर आणि सेन्सरना जोडणाऱ्या डेटा वायरीचा) सिग्नल स्वच्छ ठेवायचा, हे सगळं पहिल्या टरेटला नको. दोन्हीकडे २०० अंश फिरेल एवढा टरेट करा, म्हणजे मागच्या बाजूला ४० अंशांचा भाग दोन्ही टोकांकडून गाठता येतो. वायरी एनर्जी चेनमध्ये (वायरी सांभाळणाऱ्या वळत्या प्लास्टिकच्या साखळीत) घालून टरेटभोवती सपाट गुंडाळा, नाहीतर मोकळा वेटोळा ठेवून कॉन्स्टंट फोर्स स्प्रिंगने ताणून धरा. टाय लावून झाल्यावर टरेट हाताने टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा, आणि हे प्रत्येक मॅचआधी करा, वर्षभर.

तो ४० अंशांचा दुहेरी भाग फुकट जात नाही. टरेट बरोबर १८० वरच संपत असेल तर रोबो गोलला पाठ करून उभा असताना जरा इकडेतिकडे हलला की टरेट पूर्ण गरकन फिरून दुसऱ्या बाजूने येतो, परत हलला की परत फिरतो, वेड्यासारखा. दुहेरी भाग असला की टोकाला लागेपर्यंत आहे त्याच बाजूने राहायचं आणि अगदीच गरज पडली तरच उलटं फिरायचं असं सांगता येतं. उलट्या फेरीला सेकंदाच्या आसपास जाणार हे धरून चाला आणि तेवढा वेळ फीडर कोडमधूनच बंद ठेवा, ड्रायव्हरने बटण दाबून धरलेलं असलं तरी. टरेट जिथे अडतो ते टोक कुठल्या दिशेला ठेवायचं हे ड्राइव्ह प्रॅक्टिस बघून ठरवा, बहुतेक वेळा जिकडे इंटेक असतो तिकडे ठेवू नये, पण गेमवर आहे.

दुहेरी भागाची एक अडचण म्हणजे शून्य, म्हणजे टरेट सुरुवातीला नेमका किती अंशावर आहे हे ओळखणं. रिंगवर एकच चुंबक आणि तो ओळखणारा हॉल सेन्सर असेल तर रोबो चालू केल्यावर टरेट मागच्या भागात असला की तो +१९० वर आहे की −१७० वर हे कोडला कळत नाही, आणि चुकीचं धरलं की टरेट थेट हार्ड स्टॉप फोडायला जातो. यावर छान उपाय आहे, रिंगवर दोन छोटे गिअर लावायचे, एक १९ दात्यांचा एक २१ चा, दोघांवर एकेक अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर (चालू करताच फेरीतला कोन सांगणारा). १९ आणि २१ ला सामाईक अवयव नाही म्हणून दोघांच्या वाचनांची जोडी ३९९ दाते सरकेपर्यंत परत येत नाही. रिंग २०० दात्यांची असेल तर जवळपास दोन पूर्ण फेऱ्यांमध्ये कोन एकमेव ठरतो. यामागे चायनीज रिमेंडर थिअरम आहे, पण थिअरम न शिकताही दोन्ही वाचनांशी जुळणारा कोन शोधणारा छोटा लूप लिहिला तरी भागतं. हे जमत नसेल तर टरेट समोर ठेवूनच रोबो मैदानावर न्यायचा, टरेटवर आणि बेसवर मार्करने रेघ मारायची. त्यात कमीपणा काही नाही.

कॅमेरा. टरेटवर लावला की तो आपोआप गोलकडे बघतो हे खरंय आणि गोलवर चमकणारी रिफ्लेक्टिव्ह टेप लावायच्या जमान्यात ते सोयीचं होतं, टेप मधोमध आणायची की झालं. पण कॅमेऱ्याचं चित्र जुनं असतं. ५० मिलिसेकंद उशीर आणि टरेट सेकंदाला ३०० अंशाने फिरतोय तर चित्रातला कोन १५ अंश शिळा. तो दुरुस्त करायचा तर फोटो काढला त्या क्षणी टरेट कुठे होता हे साठवलेल्या नोंदींमधून काढावं लागतं, डब्ल्यूपीआयलिब या एफआरसीच्या कोड लायब्ररीमध्ये वेळेनुसार इंटरपोलेट करणारा बफर तयार मिळतो, तो वापरा. एफआरसीमध्ये २०२३ पासून एप्रिलटॅग (मैदानात लावलेल्या, कॅमेऱ्याने ओळखायच्या चौकोनी खुणा) आले तेव्हापासून माझी पसंती कॅमेरे चेसिसवर घट्ट लावण्याला आहे, शक्य असतील तर दोन. टॅगवरून रोबो मैदानात कुठे आहे ते काढायचं, मधल्या वेळात ओडोमेट्री (चाकं किती फिरली त्यावरून जागा) आणि जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर), आणि टरेटला फक्त मैदानातल्या ठरलेल्या बिंदूकडे बघायला सांगायचं. डिफेन्सवाला रोबो कॅमेऱ्यासमोर आला तरी टरेट गोंधळत नाही.

कंट्रोलमध्ये नुसत्या पीआयडीवर विसंबू नका. चेसिस फिरायला लागली की पीआयडीला आधी चूक दिसायला हवी, मग तो धावणार, म्हणजे तो कायम मागेच. जायरोचा वेग उलट चिन्हाने फीडफॉरवर्डला (चूक दिसायची वाट न बघता आधीच दिलेल्या आदेशाला) द्या, टरेट चेसिससोबतच उलटा फिरायला लागतो आणि पीआयडीला किरकोळ दुरुस्ती उरते. हे एवढं एक केलं तरी बघणाऱ्याला वेगळाच रोबो वाटतो.

पळता पळता मारणं मात्र स्थिर उभं राहून मारणं पक्कं झाल्याशिवाय हातात घेऊ नका. कल्पना सोपी आहे, बॉल सुटताना रोबोचा वेगही घेऊन जातो, तर हवेत असेपर्यंत तो जेवढा वाहून जाणार तेवढा गोल उलट्या बाजूला सरकवलाय असं समजून तिकडे नेम धरायचा. आडवे २ मीटर प्रति सेकंद जाताय, बॉल ०.८ सेकंद हवेत, तर १.६ मीटर बाजूला नेम. नेम सरकला की अंतर बदलतं, अंतर बदललं की हवेतला वेळ बदलतो, म्हणून हेच तीन-चारदा फिरवून घ्या, उत्तर स्थिरावतं. लोक विसरतात ते पुढचं. टरेट चेसिसच्या मध्यावर नसतो बहुतेकदा. तो मध्यापासून २० सेंटिमीटर लांब असेल आणि चेसिस सेकंदाला १८० अंशाने फिरत असेल तर नुसत्या फिरण्यामुळे टरेटला ०.६ मीटर प्रति सेकंदाच्या वर वेग मिळतो, त्याच ०.८ सेकंदात अर्धा मीटर चूक, आणि मघाशी २०२२ च्या हबला आपल्याकडे एका बाजूला मोकळी जागा होती तीही साधारण तेवढीच. हा भाग कोडमध्ये एका ओळीचा आहे, टाकाच.

तुमच्या नेमक्या केसबद्दल. स्वर्व्ह आहे आणि शूटर अजून पक्का नाही, तर शूटर आधी टरेटच्या प्लेटवरच बांधा पण प्लेट चार बोल्टने समोर तोंड करून लॉक ठेवा, आणि चेसिसने नेम धरून खेळायला लागा. बोल्टची भोकं पहिल्या दिवसापासून कॅडमध्ये हवीत, कारण स्पर्धेत टरेटची मोटर गेली तर पाच मिनिटांत तिथेच परत यायचंय, आणि ड्रायव्हरकडे टरेट लॉक धरून चेसिसने नेम धरायचा मोड एका बटणावर हवा. एकाच जागेवरून बॉल एकाच ठिकाणी पडायला लागले आणि स्पर्धेला किमान तीन आठवडे हातात असले की बोल्ट काढा. नसले तर ते बोल्ट लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावून घट्ट करा आणि तो वेळ ड्रायव्हरला द्या.